जवळच्याला न पोचलेली हाक

१

धाकट्याची हाक सगळ्या बंदरानं ऐकली. फेरीबोटीवर ऐकली, बंदराच्या कचेरीत ऐकली, बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराच्या टेबलावर एक जुनापुराणा रेडिओ खरखरत असतो, त्याच्यावरसुद्धा ऐकली. ऐकली नाही ती एकट्या थोरल्यानं, आणि थोरल्याची बोट तर सगळ्यात जवळ होती.

परवा दुपार कलताना एकाएकी धुकं उतरलं, आणि धाकट्याची बोट खडकांच्या रांगेवर आदळली. बॅटरीत पाणी शिरत होतं, त्यामुळं त्याचा आवाज रेडिओवर बारीक येत होता, पण येत होता. शेवटी तो रिकाम्या कॅनला मिठी मारून पाण्यात पडला. फेरीबोटीच्या कप्तानानं त्याला वर ओढलं तेव्हा त्याचा खांदा निखळलेला होता आणि बोट दिसेनाशी झाली होती.

इतकं होऊनही लोक गप्प बसले असते. समुद्र आहे, होतं असं. पण या बंदराची एक रीत होती. घरी निघालेल्या बोटीनं रेडिओवर सांगायचं, "आत येतोय." जी बोट जवळ असेल तिनं उत्तर द्यायचं, "ऐकलं." बस्स, एवढंच. ती रीत थोरल्यानं परवाही पाळली. धाकटा बुडत असताना त्याच चॅनलवर थोरल्याचा खणखणीत आवाज आला, "आत येतोय. अरे, कुणी आहे का? आत येतोय." आणि धाकट्याच्या हाकेला मात्र त्यानं अवाक्षरानं उत्तर दिलं नाही.

त्यात दोघांचं भांडण जगजाहीर. वडिलांची जुनी लाकडी बोट थोरल्यानं कुणाला न विचारता मोडीत काढली, तेव्हापासून धाकट्यानं बोलणं टाकलं होतं. मग काय, लोकांनी दोन आणि दोन चार केले. म्हणाले, भावानं भावाला बुडू दिलं.

धक्क्यामागच्या गल्लीत मावशीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मावशी ही कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. उभी हयात मोठ्या जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून काढून ती या गल्लीत टेकली होती, आणि आल्या दिवसापासून सगळ्यांची मावशी झाली होती. जीभ तिखट, हात हलका. ती एका माइकची तार डाग देऊन जोडत होती, तेवढ्यात थोरला दारात येऊन उभा राहिला. दोन दिवसांत माणूस अर्धा झाला होता.

"मावशी, माझा रेडिओ बघा."

"टेस्टरनं बघितला म्हणे."

टेस्टर म्हणजे बंदरातला वायरमन. खिशाला कायम टेस्टर लावलेला, म्हणून ते नाव.

"बघितला. त्याला काहीच बिघाड सापडला नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं, मावशी!" थोरल्याचा आवाज फाटला. "रेडिओ बिघडलेला निघू दे म्हणून देवाला साकडं घालणारा मी पहिलाच असेन. उद्या सकाळी बोटवाल्यांची सभा आहे. माझी धक्क्यावरची जागा काढून घेणार आहेत. घेऊ देत. पण छोट्यानं मला बघून भिंतीकडं तोंड फिरवलं. मी मुद्दाम ऐकलं नाही, असं त्याला वाटतंय. हे घेऊन मी कसा जगू?"

मावशीनं चष्मा कपाळावर सरकवला. "खरं सांग. रेडिओ चालू होता?"

"होता. कान देऊन होतो."

तेवढ्यात त्याच्यामागून टेस्टर आत आला. तो वाईट माणूस नव्हता, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. "मावशी, मग याला ते बटणही विचारा. स्क्वेल्चचं. शेवटपर्यंत पिळलेलं होतं."

मावशीचा हात थांबला. रेडिओची खरखर गिळायला ते बटण असतं. थोडं पिळलं की खरखर जाते. पण शेवटपर्यंत पिळलं, की खरखरीबरोबर बारीक आवाजही गिळले जातात. रेडिओच्या कानात बोळे घालण्यासारखंच ते.

"कुणी पिळलं?" तिनं विचारलं.

थोरल्यानं मान खाली घातली. "मीच."

२

मावशी बोटीवर गेली. गेली म्हणजे काय, कुरकुरत, गुडघ्यांना शिव्या देत गेली. केबिन जेमतेम दोन माणसांची होती. सुकाणूच्या उजव्या हाताला रेडिओ, खाली दिव्यांची बटणं, कोपऱ्यात थोरल्याच्या बायकोनं विणलेली कानटोपी. मावशीनं अँटेनाची तार बोटांनी चाचपली, जोड उघडून बघितला. तांबं लख्ख होतं, पाण्याचा मागमूस नाही. बॅटरीची टोकं घट्ट, फ्यूज धड. टेस्टरनं बंदराच्या कचेरीला हाक मारली, तिथून मुलीचा आवाज आला, "स्पष्ट येतंय, बोला."

"बघा!" टेस्टर म्हणाला. "मी काय सांगत होतो? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"तू जरा गप बस," मावशी म्हणाली, आणि थोरल्याकडं वळली. "बटण का पिळलंस?"

"खरखर फार होत होती हो. कानाचे पडदे फाटायची वेळ आली. म्हणून बंद होईपर्यंत पिळत गेलो."

"सकाळी होती खरखर?"

"छे. सकाळी कचेरीनं हवामान सांगितलं, ते शब्दन् शब्द ऐकू आलं. धुकं उतरलं आणि खरखर सुरू झाली. धुक्यानं होतं ना तसं?"

"धुक्यानं माणसाला दिसत नाही. रेडिओचं काही बिघडत नाही."

टेस्टर खाकरला. म्हणजे माणूस खोटं बोलतोय, असा त्या खाकरण्याचा अर्थ होता. मावशीनं तो ऐकला आणि बाजूला ठेवला. तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. ज्याला हाक ऐकून न ऐकल्यासारखं करायचं आहे, तो दडी मारून बसेल. रेडिओ बंद होता म्हणेल, मी तिथं नव्हतोच म्हणेल. सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा "आत येतोय, आत येतोय" म्हणून स्वतःचा ठावठिकाणा कशाला सांगेल? इतका मूर्ख चोर तिनं पाहिला नव्हता. हा रेडिओ बोलत होता, फक्त ऐकत नव्हता.

"तुझ्या हाकेला उत्तर आलं नाही, तेव्हा तुला काय वाटलं?" तिनं विचारलं.

"भांडणानंतर आम्ही एका ताटात जेवलो नाही, एका बाकावर बसलो नाही. पण समुद्रावर मी 'आत येतोय' म्हटलं आणि तो जवळ असला, की त्याचं 'ऐकलं' यायचंच. कधी चुकलं नाही. तेवढ्यावर माझा दिवस जायचा, मावशी. परवा ते आलं नाही. म्हटलं, आज पोरानं तेवढंही तोडलं. मलाच राग आला. तो मरणाच्या दारात होता आणि मी इथं त्याच्यावर रुसून बसलो होतो!"

त्यानं तोंडावर हात घेतला. टेस्टर खिडकीबाहेर बघायला लागला.

"धुकं कसं होतं?" मावशीनं मुद्दाम कोरडेपणानं विचारलं.

"पांढरंफटक. काचेवर चुना फासल्यासारखं. एवढं पांढरं धुकं मी जन्मात पाहिलं नाही."

३

फेरीबोटीचा कप्तान बोटवाल्यांच्या सभेचा अध्यक्षही होता. त्याची मान आधीच ताठ, त्यात अध्यक्षपद. पण माणूस न्यायाचा. त्यानं मावशीला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला.

"मलाही आनंद होत नाहीये, मावशी. त्याच्या लग्नात मी नाचलोय. पण हाक ऐकून कानाडोळा करणारा माणूस धक्क्यावर राहिला, तर उद्या कुणाच्या भरवशावर बाहेर जायचं?"

"तुझ्या रेडिओवर खरखर होती का रे?"

"अजिबात नाही. दोघांचे आवाज येत होते. थोरल्याचा ठणठणीत, धाकट्याचा बारीक. धाकटा म्हणत होता, 'दादा, ऐकलं, ऐकलं. मी खडकावर आहे, ये.' आणि हा आपला परत विचारतोय, 'कुणी आहे का?' माझ्या अंगावर काटा आला."

"धुक्यात तुला तो सापडला कसा?"

"दिव्यावरून. आधी एक पांढराशुभ्र झगझगीत दिवा दिसला. वाटलं, किनाराच आला. जवळ गेलो तर ती थोरल्याची बोट. म्हणून तर सांगतो, तो किती जवळ होता हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग खडकांपलीकडं धाकट्याचा दिवा दिसला. पिवळट, मिणमिणता, आता विझतो की मग विझतो असा. मी तिकडं वळलो."

मावशीनं मान डोलावली आणि ती उठली. तिथून ती धाकट्याच्या घरी गेली.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. डोळे रडून सुजलेले, पण मावशीला बघून तिनं आधी चहाचं आधण ठेवलं. खांदा बांधून धाकटा पलंगावर टेकून बसला होता.

"दादाची वकिली करायला आलात?" तो म्हणाला.

"मी कुणाची वकील नाही. मी रेडिओवाली आहे. काय झालं ते सांग."

"काय सांगू? पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्याचा आवाज आला, 'आत येतोय.' मावशी, जिवात जीव आला. म्हटलं, दादा आहे, आता काही होत नाही. मी ओरडून ओरडून सांगत होतो आणि तो... मला वाटत होतं, भांडण वरवरचं आहे. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगतं का? पण दुभंगलं." त्यानं बांधलेला खांदा सावरला. "बोट गेली त्याचं दुःख नाही. दादा गेला."

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि मावशीच्या हातात कप दिला. "यांनी किती हौसेनं बोट सजवली होती. महिन्यापूर्वी डोलकाठीवर लावायला नवा एलईडी दिवाही आणला होता टेस्टरकडून. दुधासारखा उजेड होता त्याचा. घरात लावून बघितला, तर भांडीसुद्धा चमकली. तोही गेला तळाला."

मावशीचा कप ओठांपाशीच थांबला. धाकट्याच्या बोटीवरचा दिवा पिवळट होता, हे कप्तान स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगत होता.

"आता कशाला तो विषय?" धाकटा एकदम बायकोवर खेकसला आणि त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

४

ऊन कलायच्या आत मावशीनं थोरल्याला आणि टेस्टरला पुन्हा बोटीवर बोलावलं.

"आता तू परवाचा दिवस पुन्हा कर," ती थोरल्याला म्हणाली. "डोळे मीट आणि हात चालू दे. जे जे केलंस, ते ते त्याच क्रमानं कर. एक गोष्ट सोडायची नाही."

थोरल्याला हे खुळचटपणाचं वाटलं, पण बुडत्याला काडीचा आधार. त्यानं इंजिन चालू केलं, रेडिओ लावला. कचेरीतल्या मुलीचा आवाज स्वच्छ येत होता. त्यानं जाळं टाकल्यासारखं केलं, ओढल्यासारखं केलं. टेस्टर तोंडावर हात धरून हसू दाबत होता.

"आता धुकं आलं," मावशी म्हणाली.

"धुकं आलं," थोरला म्हणाला. "वेग कमी केला. काचेचा वायपर लावला..." आणि बोलता बोलता त्याचा हात आपोआप खाली गेला आणि त्यानं एक बटण दाबलं.

केबिनमध्ये अशी खरखर उठली की टेस्टरचं हसू जागच्या जागी विरलं. कचेरीतली मुलगी वाक्याच्या मध्येच गडप झाली.

"हीच!" थोरला डोळे उघडून ओरडला. "हीच खरखर, मावशी! पण मी केलं काय?"

"डोलकाठीवरचा दिवा लावलास. बंद कर."

दिवा बंद झाला आणि मुलगी पुन्हा बोलायला लागली. लावला की खरखर. टेस्टरनं चार वेळा करून बघितलं, मग मटकन खाली बसला. "मी दिवसा तपासला. दिवसा दिवा कोण लावतं?"

"कुणीच लावत नाही. उन्हात दिवा जाळला तर लोक वेड्यात काढतील," मावशी म्हणाली. "हाही उजेडी जातो आणि उजेडी येतो. धुकं आलं नसतं तर अजून महिनाभर कळलं नसतं." तिनं वर बोट केलं. डोलकाठीच्या टोकाला दिवा आणि अँटेना अगदी खेटून होते. "या दिव्याच्या पोटात बॅटरीची वीज हवी तेवढी करून घेणारं एक छोटं यंत्र आहे. हलक्या मालात ते सारखं गोंगाट करत असतं. आपल्याला ऐकू येत नाही, पण शेजारच्या अँटेनाला येतो. बोलायला काही अडत नाही, ऐकायला अडतं. वरून यानं खरखर घालवायला बटण पिळलं. मग बुडत्या बॅटरीवरची बारीक हाक कुठून शिरणार?"

"पण माझा दिवा तर जुना होता," थोरला गोंधळला. "काच तडकलेला, पिवळा."

"धुकं पांढरंफटक होतं म्हणालास. धुक्याला तो रंग तुझ्याच दिव्याचा होता."

थोरला मान मागं टाकून वर बघत राहिला. डोक्यावरच्या दिव्याकडं कोण बघतं?

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम हा बदलला?" टेस्टरनं दबक्या आवाजात विचारलं. "कुणाचं एवढं वाकडं होतं याच्याशी?"

"तू असे दिवे कुणाकुणाला विकलेस?"

"एकच विकला. तो तर..." टेस्टर बोलता बोलता थांबला आणि मावशीकडं बघतच राहिला.

"तोंडाला कुलूप," मावशी म्हणाली. "आज एक दिवस तरी."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, सभेच्या आधी, मावशीनं धाकट्याला दुकानात आणून बसवलं. तो यायला तयार नव्हता. "चहा प्यायला ये, नाहीतर मी दुखऱ्या गुडघ्यांनी तुझ्या दारात बसते," असं म्हटल्यावर आला. रात्रभर तिला झोप लागली नव्हती. खरं सांगितलं तर थोरला सुटतो. पण या पोराच्या छातीवर केवढा दगड बसणार! करायला गेला एक आणि झालं भलतंच. खूप विचार करून तिनं ठरवलं होतं की आपण सांगायचं नाही, त्यालाच बघू द्यायचं.

दुकानाच्या खिडकीतून धक्का दिसत होता आणि धक्क्यावर थोरल्याची बोट. बोटीवर थोरला आणि टेस्टर. थोरल्याला तिनं नुसतं कान देऊन बसायला सांगितलं होतं, बटणं टेस्टरच्या हातात होती. मावशीनं टेबलावरचा रेडिओ बंदराच्या चॅनलवर लावला. त्याची ताकद तिनं अगदी कमी ठेवली होती, बुडत्या बॅटरीची असते तशी.

"माइक घे," ती म्हणाली. "भावाला हाक मार."

"मी? त्याला? कशासाठी?"

"एकदाच. माझ्यासाठी."

धाकट्यानं धड हातानं माइक उचलला. घसा साफ केला. "दादा," तो म्हणाला. "ऐकू येतंय का?"

उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं त्या छोट्या स्पीकरमधून थोरल्याचा आवाज आला, त्या दिवशीइतकाच ठणठणीत. "मी थांबलोय. बोला की कुणीतरी. कुणी आहे का?"

धाकट्यानं माइक तोंडाशी घट्ट धरला. "दादा, मी बोलतोय. दादा!"

"मावशी, कुणी बोलत का नाही?" स्पीकर म्हणाला. "मी कान देऊन बसलोय."

"बघितलंत? त्या दिवशीही असंच!" धाकटा मावशीवर ओरडला. "अगदी असंच चाललं होतं!"

"खिडकीतून बघ," मावशी हळूच म्हणाली. "तो काय करतोय?"

धाकट्यानं बघितलं. धक्क्यावरच्या बोटीत त्याचा मोठा भाऊ रेडिओला कान लावून, वाकून, कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होता. त्यात नाटक काही नव्हतं. आणि त्याच्या डोक्यावर, भर दिवसा, दुधासारखा पांढरा दिवा जळत होता.

मावशीनं खिडकीतून हात हलवला. टेस्टरनं बटण दाबलं, दिवा विझला, आणि त्यानं स्क्वेल्च सैल सोडलं.

"आता बोल," ती म्हणाली. "आता त्याला ऐकू जाईल."

पण धाकट्याला सगळं कळलं होतं. तो माइककडं बघत बसला, मग विझलेल्या दिव्याकडं बघत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला दुसरा हात नव्हता. मावशीनं आपल्या ओढणीच्या टोकानं त्याचा चेहरा पुसला. तिचेही डोळे भरले होते, पण ते पुसायचं तिला सुचलं नाही.

शेवटी त्यानं माइक दाबला.

"दादा, तो दिवा मी लावला."

फेरीबोटीवर, कचेरीत, बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर सगळे ऐकत होते, आणि ते धाकट्याला ठाऊक होतं.

"तू वहिनीला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेला होतास तेव्हा. माझ्या बोटीसाठी आणला होता. पण तुझा दिवा तडकलेला होता. म्हटलं, कधी अंधार झाला तर तू कुणाला दिसणार कसा? बोलणं बंद होतं, सांगायची लाज वाटली. तुझ्या भल्यासाठी केलं रे. आणि मीच तुझे कान बंद केले. वर तुलाच नाही नाही ते बोललो. मी भिंतीकडं तोंड केलं, दादा. तू दारात उभा होतास."

माइकवरचं त्याचं बोट सुटलं. स्पीकर शांत होता. खिडकीतून दिसत होतं, थोरल्यानं टेस्टरचा दंड धरला होता आणि तो नुसता उभा होता. आता याला राग आला तर? आपण दोन भावांना जोडायला गेलो आणि उरलंसुरलं तोडून बसलो तर?

मग आवाज आला. ठणठणीत नव्हता, चिरका होता.

"ऐकलं."

थोड्या वेळानं आणखी एक आवाज मध्ये घुसला. "फेरीबोट. इकडंही ऐकलं. आजची सभा रद्द. थोरल्या, धक्क्यावरची तुझी जागा तुझीच. आमचं चुकलं. आणि दोघांना काय भांडायचं असेल ते घरी जाऊन भांडा, चॅनल मोकळा करा."

टेस्टर बोटीवर नाचत असावा, कारण बोट हलत होती.

"छोट्या," थोरल्याचा आवाज आला, "वडिलांची बोट मोडण्याआधी तुला विचारायला हवं होतं. ती आतून सडली होती. तुला दाखवायचा मला धीर झाला नाही. तू तिच्यात मोठा झालास." मध्ये तो थांबला. "आता माझी बोट आहे. तुझा हात बरा झाला की दोघं मिळून नेऊ. तो दिवा उतरवायला मात्र तूच वर चढायचंस."

धाकटा रडता रडता हसला. खिडकीबाहेर थोरल्यानं बोटीवरून धक्क्यावर उडी टाकली. मग काहीतरी आठवल्यासारखं झालं, तो तसाच वळला, परत केबिनमध्ये वाकला आणि त्यानं माइक उचलला. रीत ती रीत.

"आत येतोय," तो म्हणाला.

मावशीनं धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं माइक तोंडाजवळ धरला.

"ऐकलं, दादा."